औषधाच्या नावाची फोड

कापूस-सोयाबीनच्या परभणी जिल्ह्यात लांबलचक इंग्रजी शास्त्रीय शब्दांशी सर्वसामान्य माणसाची गाठ पडते ती कृषी सेवा केंद्रात. कीटकनाशकाच्या डब्यावर कंपनीने दिलेलं नाव ठळक असतं. खाली बारीक अक्षरांत क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल किंवा मोनोक्रोटोफॉस. असे शब्द आपण उच्चाराचे तुकडे पाडून वाचायला शिकवतो. देवनागरीत वाढलेल्याला ते सहज जमतं: क्लो-रॅन-ट्रा-नि-लि-प्रोल. जीभ वळते, पण अर्थ हाती लागत नाही, कारण पहिलाच तुकडा भलत्या जागी तुटलेला असतो. रसायनशास्त्राची फोड क्लोर, ॲन्ट्रानिल आणि प्रोल अशी आहे. क्लोरीन, ॲन्थ्रानिलिक आम्ल आणि पायराझोल यांची ती खूण. मोनोक्रोटोफॉसमध्ये मात्र दोन्ही फोडी जुळतात आणि शेवटी 'फॉस' उरतो, म्हणजे फॉस्फरस. शेतकऱ्याला ही रसायनशास्त्राची फोड, निदान शब्दाचा शेवट, आधी शिकवायला हवा.

त्या शेवटात बहुधा औषधाचं कुळ कळतं. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस एका कुळातले. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन दुसऱ्या. इमिडाक्लोप्रिडने तुडतुडे हटेनात म्हणून पुढच्या फवारणीला ॲसिटामिप्रिड आणलं, तर डबा बदलतो, कुळ तेच राहतं आणि कीड त्याला आणखी निर्ढावते. विषबाधेत तर हे जिवावरच बेततं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक जण दगावले. 'फॉस' कुळाच्या विषावर ॲट्रोपिन देतात. 'थ्रिन' कुळावर तसा खास उतारा नाही. म्हणून डॉक्टरांना घटकाचं नाव कळणं मोलाचं असतं.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण पुरेसा नाही का? तो विष किती जहाल ते सांगतो, कोणत्या जातीचं ते सांगत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेवट फसवतो. थायामेथोक्झाम 'प्रिड' मंडळींच्याच कुळातलं, पण नावात ती खूण नाही. ग्लायफोसेटमध्ये फॉस्फरस आहे, तरी ते तणनाशक आहे आणि 'फॉस' कीटकनाशकांसारखं वागत नाही. हे अपवाद शिकवावेच लागतील. पण संधी-समासातही अपवाद असतात, म्हणून आपण शाळेत विग्रह शिकवणं सोडलेलं नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या फवारणी शिफारशींत घटकाच्या नावाचा शेवट ठळक छापावा, शेजारी कुळ लिहावं आणि थायामेथोक्झामसारखी नावं वेगळ्या चौकटीत द्यावीत. त्याला फारसा खर्च नाही.