नातीपाशी शिकताना

आज एकनाथी भागवतात अवधूताचे २४ गुरू वाचले. त्यांत लहान मूल आहे, कांकणं उतरवणारी कुमारीही आहे. गुरूचं वय अवधूतानं पाहिलं नाही. मग नातीकडून मोबाईल शिकताना आपल्याला कसला कमीपणा?

‘आता हरिनाम घ्यावं, हे कशाले?’ असं आमच्या तिवस्यात म्हणतात. पण ओटीपी आला की फोन परक्याच्या हाती देणं ही विरक्ती नव्हे बाप्पा, ते परावलंबन! मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा निघाली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी साडी नेसून पाटी गिरवू लागल्या. अंगठा सुटला, सही आली. आपला पिन आपण टाकणं ही आजची सहीच.

माझी नात दोनदा रागावते, तिसऱ्यांदा समजावते. मी वहीत उतरवून घेतो.