पहिली सुई कुणाच्या हातावर?

यंदा उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण डॉक्टर झाली. नगर जिल्ह्यातल्याच एका मेडिकल कॉलेजात साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप आणि मग पदवीदान. (कागदावर आमचा जिल्हा आता अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडात अजून नगरच येतं.) आईने नेवाशाहून पाच किलो पेढे आणले. वडिलांनी तिचा झगा घातलेला फोटो स्टेटसला ठेवला. संध्याकाळी शेजारची आजी गुडघे दाखवायला ओट्यावर येऊन बसलीसुद्धा.

बहीण सगळ्यांशी हसून बोलत होती. रात्री गच्चीवर मात्र म्हणाली, "दादा, आनंद झालाय रे, खरंच. पण कुणाचं तरी काहीतरी न विचारता घेऊन आल्यासारखं वाटतंय."

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे अशा वाटण्याला तयार नाव असतं: इम्पोस्टर सिंड्रोम. मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "नाही. मला येत नाही असं नाही वाटत. येतं. ते कुणावर शिकले, ते आठवतंय."

मग तिने दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली, पहिल्या वर्षातली. शरीररचना शिकायला जे देह मिळतात, त्यांतले काही देहदानातून येतात, काही बेवारस असतात. बेवारस मृतदेह मेडिकल कॉलेजांना देता यावेत म्हणून १९४९ सालापासून आपल्याकडे कायदा आहे. देहदान करणारा माणूस जिवंतपणी हो म्हणालेला असतो. बेवारस माणसाला कुणी विचारलेलंच नसतं. "आमच्या टेबलावरचे कोण होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही," ती म्हणाली.

दुसरी, इंटर्नशिपची. एका म्हाताऱ्या बाबांना सलाईन लावायचं होतं आणि तिला शीर सापडेना. तीन वेळा सुई चुकली. हात सुजला. ती रडकुंडीला आली, तेव्हा बाबाच म्हणाले, "शिकून घे बाई. उद्या दुसऱ्याला दुखायचं नाही." चौथ्यांदा लागली.

ऐकताना मला ती गोष्ट छान वाटली. बहिणीला नव्हती वाटत. "ते नाही म्हणू शकले असते का, दादा? दुसरीकडे जायला त्यांच्याकडे पैसे होते का?"

हा प्रश्न मला माझ्या कामात कधी पडला नव्हता. मीही चुकत चुकतच शिकलो. पण आमचा कोड आधी टेस्टिंगला जातो, आणि तरीही काही फसलं तर मागचं व्हर्जन परत आणता येतं. माणसाच्या हाताला मागचं व्हर्जन नसतं.

सरळ हिशोब असा मांडता येईल की प्रत्येक डॉक्टरचा कुणीतरी पहिला पेशंट असणारच. कुणावरच शिकायचं नाही म्हटलं, तर वीस वर्षांनी डॉक्टरच उरणार नाहीत. हिशोब बरोबर आहे. पण 'कुणीतरी' म्हणजे नेमकं कोण, हे तो सांगत नाही. अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांनी (त्यांचे वडील विदर्भातून तिकडे गेलेले) २००२ सालच्या 'कॉम्प्लिकेशन्स' या पुस्तकात याची प्रामाणिक कबुली दिली आहे. शिकाऊ डॉक्टरांना संधी मिळाली पाहिजे हे त्यांना पटतं. पण स्वतःच्या मुलाच्या हृदयाच्या तपासण्यांची वेळ आली, तेव्हा त्यांनी शिकाऊ डॉक्टर सोडून अनुभवी डॉक्टरच मागितले. कुठल्याही बापाने तेच केलं असतं. ज्याला निवडता येतं तो निवडतो. ज्याला येत नाही, त्याच्या हातावर पहिली सुई लागते.

माझ्या वडिलांनी फी भरली, कर्ज काढलं. त्या पैशात वर्ग मिळाला, वसतिगृह मिळालं. बाबांचा हात त्या पावतीत कुठेच नव्हता.

आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितलंय. रुग्णऋण सांगितलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही. पण ऋषिऋणाची एक गोष्ट मला इथे कामाची वाटते. ते ऋषींना परत करायचं नसतं. अभ्यास करून, पुढच्याला शिकवून फेडायचं असतं.

असं फेडणं आमच्याच जिल्ह्यात घडलंय. आमच्या तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात १९६०च्या दशकात रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं काम करत होतं. बरे करून घरी पाठवलेले पेशंट तेच आजार घेऊन परत येतात, हे त्यांनी पाहिलं. आजाराचं मूळ गावातल्या पाण्यात आणि उपासमारीत होतं. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि १९७० साली त्यांनी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दुष्काळी जामखेडला प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायकांना त्यांनी बाळंतपण करायला, मुलांची वजनं घ्यायला, जुलाबावर साखर-मिठाचं पाणी द्यायला शिकवलं. त्यांतल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, कितीतरी दलित. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये ५२. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला पुरस्कारापेक्षा ते शिकवणं मोठं वाटतं. आपलं ज्ञान ही आपली एकट्याची कमाई आहे असं मानणारा डॉक्टर ते निरक्षर बाईच्या हातात देणार नाही. ते आपल्याकडे उसनं आलंय असं मानणारा देईल.

इथे एक धोका आहे. 'ऋण' म्हटलं की लोक लगेच त्याग मागतात. डॉक्टरला देव म्हणायचं, छत्तीस-छत्तीस तास उभं ठेवायचं आणि पेशंट दगावला की हॉस्पिटलच्या काचा फोडायच्या. मी बहिणीला सांगितलं, तू जामखेडला गेलंच पाहिजेस असं नाही, आणि झोप उडवून घेऊन तर काहीच फिटणार नाही. थकलेला हात पुन्हा कुणाच्या तरी शिरेवर चुकेल. अपराधीपणाने रडणंही बाबांच्या उपयोगाचं नाही. पेशंटला त्याचा आजार त्याच्या भाषेत सांगणं, शिकाऊ हात लावण्याआधी त्याला विचारणं आणि तो नाही म्हणाला तर ते ऐकणं, एवढं मात्र रोज जमण्यासारखं आहे.

सकाळी आईने आमचं बोलणं ऐकलं आणि एक डबा पुढे केला. "त्या बाबांना पेढे देऊन ये की."

बहीण डब्याकडे बघत राहिली. तिला बेड नंबर आठवत होता, निदान आठवत होतं, सुजलेला उजवा हात आठवत होता. नाव आठवत नव्हतं.

डबा शेजारच्या आजीकडे गेला. आजीने एक पेढा तोंडात टाकला आणि लगेच गुडघा पुढे केला. बहीण ओट्यावर खाली बसली. गुडघ्याला हात लावायच्या आधी तिने विचारलं, "आजी, तुम्हाला सगळे आजीच म्हणतात. तुमचं नाव काय?"