न पाहिलेला मित्र



ज्याचा हात आपण कधी हातात घेतला नाही, ज्याच्या घरी घोटभर पाणीही प्यालो नाही, त्याला ‘मित्र’ म्हणावे काय? संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर भेटलेल्यांविषयी आपली मुले ‘माझा मित्र’, ‘माझी मैत्रीण’ असे सहज बोलून जातात. आपण वडीलधारी मंडळी ते ऐकून हसतो, नाहीतर धास्तावतो. ही धास्ती निराधार नाही. खोट्या नावाने गोड बोलून पैसे उकळणारे आणि कोवळ्या मुलांना जाळ्यात ओढणारे याच वाटेने येतात. तथापि वाटेवर चोर असतात म्हणून त्या वाटेने येणारा प्रत्येक जण चोर ठरत नाही. तेव्हा हा प्रश्न शांतपणे तपासून पाहणे बरे.

नॉर्वे देशात १९८९ साली माट्स स्टेन नावाचा मुलगा जन्मास आला. शरीरातील स्नायू हळूहळू निकामी करणारा ड्यूशेन हा आनुवंशिक आजार त्याला होता. चाकाच्या खुर्चीत खिळलेला माट्स दिवसाचे कितीतरी तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाच्या संगणकीय खेळात घालवीत असे. २०१४ च्या नोव्हेंबरात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो निवर्तला. आपल्या मुलाला मैत्री म्हणजे काय ते कळलेच नाही, कोणाच्या जीवनात त्याचे काही स्थान नव्हते, याचे त्याच्या आईवडिलांना मरणाइतकेच दुःख झाले. माट्स इंटरनेटवर आपले अनुभव लिहीत असे. तेथेच वडिलांनी त्याच्या निधनाची वार्ता कळविली.

आणि मग पत्रांचा ओघ सुरू झाला. त्या खेळात माट्स ‘आयबेलिन’ या नावाने वावरत असे आणि ‘स्टारलाइट’ नावाच्या एका गटाचा तो सभासद होता. नेदरलँड्समधील एका मुलीचा संगणक तिच्या आईवडिलांनी काढून घेतला, तेव्हा तिची बाजू समजावून सांगणारे पत्र त्याने त्यांना लिहिले होते. डेन्मार्कमधील एक आई आणि तिचा स्वमग्न मुलगा यांना एकमेकांजवळ येण्यास त्याने साहाय्य केले होते. अंत्यविधीसाठी या गटातील काही जण परदेशांतून आले. ज्याला त्यांनी कधी पाहिले नव्हते, त्याच्या शवपेटीपाशी ते रडत उभे राहिले. त्याच्या जीवनावरील माहितीपट २०२४ मध्ये जगभर पाहिला गेला.

येथे एक विचारवंत वाचक आक्षेप घेईल. माट्सने आपला आजार या मित्रांपासून कित्येक वर्षे लपवून ठेवला होता. भेटण्याचे तो टाळी, आवाजही ऐकू देत नसे. मग ते ज्याच्यावर प्रेम करीत होते तो माट्स होता, की एक मुखवटा?

आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. लोकांनी आधी खुर्ची पाहू नये, माणूस पाहावा, ही त्याची इच्छा आपण समजू शकतो. परंतु लपविण्याने एक उणीव राहिली. तो इतरांचे ओझे वाहत होता. स्वतःचे मात्र कोणाला वाहू देत नव्हता. पुढे त्याने आपली व्यथा लिहून उघड केली, तेव्हाच ती मैत्री दोन्ही बाजूंनी पूर्ण झाली. देणे हे मैत्रीचे अर्धे अंग आहे. आपले दुबळेपण दुसऱ्याच्या हाती सोपविणे हे दुसरे अर्धे, आणि तेच अधिक कठीण.

आता आपल्याकडे वळू. उपासना संपल्यावर आपण मंदिराच्या दाराशी हस्तांदोलन करतो. “कसे काय?” “बरे आहे, प्रभूची कृपा.” मुलाची नोकरी गेलेली असते, घरात अबोला असतो, तरी “बरे आहे”. हा मुखवटा कोणत्या पडद्यावरचा? ईयोबाचे मित्र तर सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते. इतके निकट असूनही तोंड उघडल्यावर त्यांनी त्याला घायाळच केले. जवळ बसल्याने माणूस जवळचा होतोच असे नाही.

म्हणून देह अनावश्यक आहे, असे मात्र कोणी समजू नये. योहानाने आपल्या दोन लहान पत्रांच्या शेवटी हेच सुचविले आहे. लिहिण्यासारखे पुष्कळ असूनही ते शाईच्या स्वाधीन न करता समक्ष भेटून बोलण्याची आशा तो धरतो. पत्राला तो तुच्छ मानीत नाही. पण तेवढ्यावर त्याचे समाधानही होत नाही. दुरून जडलेल्या खऱ्या मैत्रीची हीच खूण आहे. आजारी माणसाचे ओठ ओले करायला आणि शवपेटीला खांदा द्यायला देहच लागतो. ज्याला उठता येत नाही त्याच्याकडून प्रेम ते मागत नाही. ज्याला उठता येते, तो मात्र प्रसंगी खुर्चीवरून उठतो. ‘स्टारलाइट’चे ते मित्र उठले. त्यांची मैत्री खरी होती याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आपल्यापैकी कित्येक जण नोकरीधंद्यानिमित्त दूरच्या शहरांत विखुरले आहेत. तेथे मराठी उपासना नाही, शेजारी आपली भाषा नाही. त्यांना दुरून आलेले चार शब्द किती मोलाचे वाटतात हे त्यांनाच ठाऊक. ते शब्द हलके लेखू नका. मात्र ज्याला रोज सकाळी आपण फुलांचे चित्र पाठवितो, त्याला एकदा खरेच काय चालले आहे ते विचारा, आणि आपलेही खरे सांगा.

आणि आपला मुलगा पडद्याकडे बोट दाखवून “हा माझा मित्र” म्हणाला, तर हसू नका. त्या मित्राचे नाव विचारा. तो कशाने कष्टी होतो ते विचारा. माट्सच्या आईवडिलांचे प्रेम कमी नव्हते. त्या खेळाच्या जगात आपण अधिक रस घ्यायला हवा होता, ही खंत वडिलांनी पुढे बोलून दाखविली. त्यांना जे पुत्राच्या मृत्यूनंतर कळले, ते आपल्याला आज रात्री जेवताना कळू शकते.