एक सुटलेलं अक्षर

शांत बसा. समोर काळा पडदा आहे, त्यावर यंत्र सुरू करून देणाऱ्या ग्रबची यादी. ‘ई’ दाबा आणि ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीपाशी थांबा. यंत्र अजून जागं व्हायचं आहे. जागं होताना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ही ओळ वाचणार आहे.

तुम्हीही वाचा, सावकाश. मूळ डिस्क कुठली. ती आधी फक्त वाचण्यापुरती उघडायची. पडद्यावर फार बोलायचं नाही. आणि शेवटी, कोणीतरी काळजीने लिहिलेलं: ‘मिटिगेशन=ऑटो,नोएसएमटी’. २०१८ साली स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधून माहिती गळू देणारे दोष उघडकीला आले. तसल्या गळतीवरचे उपाय चालू ठेव, गरज पडली तर एका कोअरवर दोन थ्रेड चालवणंही थांबव, असं लिहिणाऱ्याला कर्नलला सांगायचं होतं.

खरं नाव मात्र ‘मिटिगेशन्स’. शेवटचा ‘एस’ सुटलाय.

इथेच थोडं रेंगाळा. आता यंत्र सुरू केलं तर? काहीच अडणार नाही. लॉगिन येईल, दोन-दोन थ्रेड चालत राहतील. अनोळखी शब्दात बरोबरचं चिन्ह दिसलं, की कर्नल तो इनिटच्या, म्हणजे सुरू होणाऱ्या पहिल्या प्रोग्रामच्या, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवून पुढे जातो. नाव बरोबर असून पुढचा शब्द चुकला असता, तर त्याने बजावलं असतं की यंत्र अजून धोक्यात असू शकतं. नावच चुकलं, तर काळजी करणारा निर्धास्त झोपतो.

राग येईल. येऊ द्या. अशा शब्दाला दारातच का अडवत नाहीत?

पण त्या ओळीतले सगळे शब्द कर्नलचे नसतात. काही सिस्टमडीचे, काही नंतर येणाऱ्या मॉड्यूलचे. शिवाय दूरच्या डेटा सेंटरमधलं यंत्र एका अक्षरापायी उठलंच नाही, तर तिथे ते दुरुस्त करायला कोण असेल? अडवणं मला पटत नाही. गप्प राहणं तर त्याहून नाही.

२०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीपासून कर्नल निदान सांगू लागला: हे शब्द मला ओळखता आले नाहीत. मला ही ओळ फार मोलाची वाटते. अनेक यंत्रांवर तिच्यात ग्रबने स्वतः जोडलेलं ‘बूट_इमेज’ही येतं, आणि डोळ्यांना ती ओलांडून जायची सवय लागते, याचं वाईट वाटतं.

आज ओलांडू नका. यंत्र सुरू होऊ द्या, आणि कर्नलचे संदेश दाखवणारं डीमेसग उघडा. ती ओळ शोधा. ‘बूट_इमेज’च्या पुढे सरका.

‘मिटिगेशन’ तिथे आहे. पुन्हा ग्रबकडे चला, आणि तो ‘एस’ लिहा.