पंगत आणि सोयरीक
मांडवगण फराट्यात आमचं घर मुलाण्याचं. नवसाचं बोकड हलाल करायला आजोबांना बोलावणं यायचं. बदल्यात मटणाचा वाटा आणि सुगीला खळ्यावरचं धान्य. पूर्वज कधी मुसलमान झाले, त्याआधी कोण होते, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. गावाचं त्यावाचून अडलंही नाही. कलमा पढलेल्यांसाठीही त्यानं उतरंडीत एक पायरी राखून ठेवली होती.

म्हणून बोर्निओतल्या दायाक लोकांबद्दल वाचताना मी थबकलो. डुक्कर पाळणारा, लांबलचक सामाईक घरात राहणारा दायाक मुसलमान झाला की शेजारीपाजारी त्याला मलय म्हणू लागतात आणि नातवंडं स्वतःलाही मलयच म्हणवतात. सणाच्या पंगतीत डुक्कर आलं की हा उठणार, आणि पंगत तुटली की सोयरीक फार दिवस टिकत नाही. मलेशियाच्या घटनेत, कलम १६० मध्ये, मलय कोण याच्या व्याख्येतच इस्लाम आहे. अर्थात बारितो नदीकाठचे बाकुम्पाई मुसलमान असूनही दायाकांतच गणले जातात, तेव्हा हा काही अटळ नियम नव्हे.

आपल्याकडे गाडी उलटी चालते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्म घेतला तो जात मागे टाकण्यासाठी. गावानं ती टाकू दिली नाही. अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळायला १९९० उजाडलं. दलित मुसलमान झाला तर मात्र १९५० च्या आदेशानं तो त्या यादीतून बाहेर. मशिदीच्या पायरीवर जात गळून पडते, असं कायदा धरून चालतो. त्यानं एकदा आमच्या सोयरिकी बघाव्यात! मुलाण्याची मुलगी मुलाण्याकडे, तांबोळ्याची तांबोळ्याकडे. सय्यदांचं तर विचारूच नका. जमातींच्या यादीला मात्र धर्माची अट नाही, म्हणून यावल-रावेरचे तडवी मुसलमान होऊनही कागदावर भिल्लच आहेत.

मला वाटतं, श्रद्धा माणूस एका रात्रीत बदलू शकतो. आपण कोण, हे मात्र ज्यांच्या ताटाला ताट लागतं आणि जे मुलगी देतात ते ठरवतात. मलय समाज नवख्याला जावई करून घेतो, म्हणून दायाकाला नवी ओळख मिळते. जातीत बाहेरून शिरायला दारच नाही. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त हाच पेच मांडला होता: परका हिंदू झाला तरी त्याला बसवायचं कुठल्या जातीत? आम्ही त्या घरातून बाहेर पडलो खरे, पण येताना कुलूप सोबत घेऊन आलो.

सध्या पुतणीसाठी स्थळं बघतोय. बायोडेटात धर्माखाली जातीचा रकाना होता, तो पोरीनं मोकळा सोडला. दुसऱ्याच दिवशी मध्यस्थाचा फोन. हज करून आलेला माणूस, सलाम-दुआ झाली, तब्येत विचारून झाली.

“चाचा, ते एक राहिलंय बघा. मुलाणीच ना तुम्ही?”