खडकातली रिकामी जागा

धर्मशिक्षणाच्या वर्गात दहावीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, एका प्राण्यापासून दुसरा झाला असे पुस्तकात आहे. पण जीवाश्मांत मधल्या पायऱ्याच सापडत नाहीत म्हणे. मग तिथे देवानेच हात घातला ना?"

'हो' म्हणण्याचा मोह मला झाला. मुलगा खूश झाला असता. पण ते उत्तर प्रामाणिक ठरले असते का? मी आठवडाभराची मुदत मागितली.

प्रश्न जुना आहे. १८५९ साली डार्विनने मांडले की जीवजाती अगदी सावकाश बदलतात. मधल्या पायऱ्या न दिसण्याचे कारण त्याने खडकांतील अपुऱ्या नोंदीला दिले. १९७२ साली नाइल्स एल्ड्रेज व स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी वेगळे मत मांडले. एल्ड्रेज हे ट्रायलोबाईट या नामशेष सागरी प्राण्याच्या डोळ्यांतील भिंगांच्या ओळी मोजत. लाखो वर्षे त्यांत फारसा बदल दिसत नसे आणि मग थोडक्या काळात नवी जात आढळे. मूळ समूहापासून तुटलेल्या लहानशा गटात नवी जात घडते, म्हणून तिच्या खुणा क्वचितच सापडतात, असे या दोघांचे म्हणणे.

मात्र हा 'थोडका काळ' हजारो वर्षांचा असतो. त्यात पिढ्यान्‌पिढ्या जन्मतात आणि मरतात. म्हणजे झेप दिसते तिथेही आईबाप आणि लेकरे यांची साखळी असतेच.

मग खरे कोण? अॅलन चीटम यांना ब्रायोझोआ या वसाहत करून राहणाऱ्या बारीक सागरी जीवांत सावकाश बदल दिसेल अशी अपेक्षा होती. दिसले उलटेच: दीर्घ स्थिरता आणि मधूनच झेप. १९८६ साली त्यांनी ते तसेच छापले. पुढच्याच वर्षी पीटर शेल्डन यांनी वेल्समधील ट्रायलोबाईटांच्या आठ शाखांत सुमारे ३० लाख वर्षांचा सावकाश बदल दाखवला. दोन्ही रीती सृष्टीत आहेत. कुठे कोणती, हे खडक पाहूनच ठरते.

ख्रिस्तसभेला याचे भय नाही. खडकांचे थर कसे वाचावेत हे १६६९ साली सांगणारे निकोलस स्टेनो पुढे बिशप झाले. १९८८ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक राहिलेले नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली सांगितले.

आपल्याला जिथे कळत नाही तिथेच देवाला बसवले, तर प्रत्येक नव्या शोधाबरोबर त्याला तिथून उठावे लागेल. शिवाय आठवी आज्ञा खोटी साक्ष देण्यास मना करते. देवाच्या बाजूने बोलताना ती आज्ञा सैल होत नाही. जे खडकाने सांगितले नाही, ते त्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला म्हणालो, "बाळा, ती रिकामी जागा देवासाठी राखून ठेवू नकोस. सावकाश बदलणारेही त्याचेच आणि झेप घेणारेही त्याचेच."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे शोधत राहायला हरकत नाही?"

मी म्हणालो, "अजिबात नाही."