अंगावर काढलेलं दुखणं

साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा लागला की माझी कळ सुरू होते. वेळ ठरलेली. डाव्या खांद्याचा फरा आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये एक बोटभर जागा आहे, तिथे आधी कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटतं. शिरवळ येईपर्यंत तो अंगठा खिळा होतो. खेड-शिवापूरच्या टोलनाक्याला खिळ्याची तार होऊन मानेपर्यंत चढलेली असते. कात्रजचा नवा बोगदा संपतो तेव्हा माझं डोकं हेल्मेटसकट एकाच दिशेला बघत असतं. सरळ समोर.

हे दोन वर्षं चाललं. महिन्यातून दोनदा साताऱ्याला जाणं-येणं आणि रोज हिंजवडीचा ट्रॅफिक. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, ‘लाँग राइडला एवढं होतंच.’ त्यात थोडी फुशारकीही असायची. ३५० सीसीची गाडी घ्यायची, वर अंग दुखतं म्हणून तक्रार करायची, हे शोभत नाही असं काहीतरी.

मग जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी नवले पुलाच्या उतारावर मला डावीकडे सर्व्हिस रोडला उतरायचं होतं. आरशात पाहिलं, रिकामं दिसलं, गाडी डावीकडे घेतली. आरशात न दिसणाऱ्या जागेत एक स्कूटर होती. चालवणारी बाई, पुढे उभी असलेली पाच-सहा वर्षांची मुलगी. बाईंनी करकचून ब्रेक मारला, स्कूटर वाकडी झाली, त्यांनी पाय टेकवून सावरली. कुणाला काही लागलं नाही. मी थांबलो. बाई थरथरत होत्या, पण आवाज खणखणीत होता : ‘ओ, मान वळवून बघता येत नाही का?’

मी ‘सॉरी’ म्हणालो. खरं उत्तर होतं, ‘नाही. येत नाही.’

---

तो प्रश्न त्यांनी रागानं विचारला होता, मला तो अजून सोडवता आलेला नाही. तोपर्यंत मी धरून चाललो होतो की माझं दुखणं हा माझा खासगी मामला आहे. शरीर माझं, गाडी माझी, सोसणारा मी. यात नीतीचा प्रश्न येतो कुठे? फार तर मूर्खपणाचा येईल.

पण त्या उतारावर झालं ते असं : मान वळवली की कळ येते, म्हणून मी हळूहळू मान वळवणं बंद केलं होतं. असं ठरवलं नव्हतं, शरीरानंच ती पळवाट काढली होती. आणि त्या पळवाटेची किंमत त्या दिवशी एका लहान मुलीनं मोजायची राहून गेली. मी ज्याला सहनशक्ती म्हणत होतो, त्याची अर्धी वर्गणी रस्त्यावरचे अनोळखी लोक भरत होते. त्यांना न विचारता.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कलम १८६ आहे. गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा आजार किंवा अपंगत्व आहे हे स्वतःला माहीत असताना सार्वजनिक जागी गाडी चालवणं हा गुन्हा, असा त्याचा आशय. माझी पाठदुखी त्यात बसेल की नाही हे वकील सांगतील. मला त्यातला ‘स्वतःला माहीत असताना’ हा भाग टोचला. कारण दुखणं ही अशी गोष्ट आहे की ती फक्त स्वतःलाच माहीत असते. पोलिसाला माझं लायसन्स दिसतं, पीयूसी दिसतं, हेल्मेट दिसतं. खिळा दिसत नाही. एलेन स्कॅरी या अमेरिकन अभ्यासिकेनं १९८५ साली वेदनेवर एक पुस्तक लिहिलं. तिचा मुद्दा असा, की ज्याला दुखतंय त्याच्यासाठी वेदनेइतकं खात्रीचं दुसरं काही नाही, आणि ऐकणाऱ्याला शंका घ्यायला वेदनेइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही. हे खरं असेल तर त्यातून एक जबाबदारीही येते. जी गोष्ट दुसरं कुणीच तपासू शकत नाही, ती तपासायचं काम माझ्या एकट्यावर येतं.

---

मराठीत यासाठी एक भारी वाक्प्रचार आहे : दुखणं अंगावर काढणं. आमच्या घरी तो कौतुकानंच वापरला जातो. बाबा सहकारी बँकेत होते. गावातून शाखेपर्यंत ३८ किलोमीटर, तेवढेच परत, शंभर सीसीच्या गाडीवर, बावीस वर्षं. पावसाळ्यात रेनकोट, हिवाळ्यात छातीला वर्तमानपत्र. उजवा खांदा दुखायचा तेव्हा आयोडेक्स लावून झोपायचे आणि सकाळी किक मारायचे. मी पहिल्यांदा फिजिओकडे गेलो हे कळलं तेव्हा म्हणाले, ‘आम्ही कुठे गेलो होतो रे कुणाकडे? काढलं अंगावर.’

काढलं, हे खरं. आज बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. माळ्यावरचा डबा आई काढते. पडदे आई लावते. शर्टाची बाही चढवायला आई मागे उभी राहते. हे इतकी वर्षं चाललंय की दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही. नवले पुलाच्या प्रसंगानंतर मी घरी गेलो तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं. बाबांनी अंगावर काढलेलं दुखणं संपलं नव्हतं. ते आईच्या अंगावर गेलं होतं.

यात बाबांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. सुट्टी घेतली तर पगार कापला जाणार, बदली मागितली तर साहेब चिडणार, आणि दोन मुलांची फी भरायची. त्यांच्याकडे पर्याय नव्हता. मग पर्याय नसताना जे सोसलं त्याला आपण सद्गुण का म्हणतो? मला वाटतं, कारण दुसरं काही देता येत नाही. माणसाचा खांदा गेला, तर निदान त्याला ‘सोशिक’ म्हणावं. ही भरपाई आहे आणि ती समजण्यासारखी आहे. चूक तिथे होते जिथे पुढची पिढी त्या भरपाईलाच आदर्श समजते. माझ्याकडे पगारी रजा आहे, आरोग्य विमा आहे, एसटी आहे. मी जे करत होतो ती बाबांच्या सोशिकतेची नक्कल होती, त्यातली मजबुरी वगळून.

---

सोसण्याच्या बाजूनं बोलणारे तत्त्वज्ञ कमी नाहीत. स्टोइक मंडळी सांगतात, जे आपल्या हातात नाही त्यावर त्रागा करू नका. एपिक्टेटस स्वतः पायानं अधू होता, त्यामुळे त्याचं म्हणणं हलक्यात घेता येत नाही. बुद्धाच्या उपदेशात दोन बाणांचा दाखला येतो : पहिला बाण शरीराला लागतो तो चुकत नाही, दुसरा आपण आपल्याच मनाला मारून घेतो तो चुकवता येतो. मला दोन्ही पटतं. पण दोन्हींचा आधार घेण्याआधी एक काम करावं लागतं. हातात काय नाही, हे आधी नीट मोजावं लागतं. मी पहिला बाण न चुकणारा आहे असं परस्पर ठरवून मोकळा झालो होतो.

मोजल्यावर काय निघालं? फिजिओथेरपिस्टनी मला गाडीवर बसलेला फोटो आणायला सांगितला. सीट, हँडल आणि पाय ठेवायची जागा यांचा एक त्रिकोण होतो. त्यात माझे हात कोपरात पूर्ण ताठ होते, म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मनगटातून थेट खांद्यात. डोकं साधारण पाच किलोचं, त्यावर हेल्मेटचं दीड किलो, आणि हे सगळं पुढे झुकलेलं. ते धरून ठेवायला मानेमागचे आणि फऱ्याभोवतीचे स्नायू सतत ताणलेले. ऐंशीच्या पुढे वारा छातीला मागे ढकलतो, त्याला तोंड द्यायला मी हँडल आवळून धरायचो. शहरात डावा हात दिवसभर क्लचवर. आणि पाठीवर लॅपटॉपची सॅक. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही हे गाडीचं दुखणं म्हणून आलात. पण गाडीवर तुम्ही दिवसाचे दोन तास असता. उरलेले नऊ तास स्क्रीनपुढे याच पोझमध्ये बसता, फक्त वारा नसतो.’

उपाय निघाले ते किरकोळ होते. सॅक पाठीवरून उतरवून मागच्या सीटला बांधली. हँडल थोडं वर आणि मागे आणणारे रायझर बसवले. क्लचचा लिव्हर थोडा खाली वळवला, म्हणजे मनगट सरळ राहतं. टाकी मांड्यांनी धरायची आणि हँडल सैल सोडायचं. दर तासाला उतरायचं. रबरी पट्टा ओढून फऱ्यामागच्या स्नायूंचा व्यायाम, रोज दहा मिनिटं.

यातलं एकही काम मी दोन वर्षांत केलं नव्हतं. पण एक केलं होतं. २०२१ मध्ये ॲपलनं जाहीर केलं होतं की मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार व्हायब्रेशननं फोनचा कॅमेरा बिघडू शकतो. ते वाचून मी त्याच आठवड्यात फोनच्या होल्डरला डॅम्पर बसवून घेतला होता.

---

दुखणं कमी झालं. गेलं नाही. इथे माझ्या इंजिनिअर डोक्याला त्रास होतो. आम्हाला वाटतं अलर्ट आला म्हणजे कुठेतरी बिघाड आहे. बिघाड काढा, अलर्ट बंद. देकार्तनं सतराव्या शतकात वेदनेचं चित्र असंच मांडलं होतं : पायाला चटका बसला की दोरी ओढल्यासारखी मेंदूत घंटा वाजते. पण १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं की मणक्यात जणू एक फाटक असतं, आणि घंटा किती वाजेल हे त्या फाटकावरही ठरतं. आज मानतात ते असं : तीन महिन्यांच्या पुढे टिकणाऱ्या दुखण्यात इजा आणि वेदना यांची जोडी सैल होऊ शकते. मज्जासंस्थाच हळवी होते. झोप नसेल, डेडलाइन असेल, तर तोच खांदा जास्त दुखतो.

म्हणजे वेदना खोटी नसते, पण ती नेहमी नेमकी माहितीही देत नाही. सगळ्या अलर्टना घाबरलो तर गाडी विकावी लागेल. सगळे म्यूट केले तर नवले पूल. मधला रस्ता एकच दिसतो : वेदना किती आहे यापेक्षा ती माझ्याकडून काय काढून घेतेय ते बघायचं. कळ असूनही मान वळत असेल, तर ती माझी कळ आहे, मी सोसेन. मान वळत नसेल, तर ती माझ्या एकट्याची राहिलेली नाही.

म्हणून मी एक नियम केलाय. किल्ली लावण्याआधी हनुवटी दोन्ही खांद्यांकडे वळवून बघायची, मागची भिंत दिसली पाहिजे. नाही दिसली, तर एसटी. तीन महिन्यांत दोनदा एसटीनं गेलोय. दुसऱ्यांदा बराच वेळ स्टँडवर स्वतःशी वाद घालत होतो.

हा नियम मला परवडतो, हे लिहिताना लपवणार नाही. परवा रात्री जेवण घेऊन आलेला मुलगा लिफ्टपाशी पाठीवरची चौकोनी बॅग न उतरवता खांदे गोल फिरवत होता. माझाच व्यायाम, चुकीचा. मी विचारलं, ‘दुखतंय?’ तो हसून म्हणाला, ‘दादा, बारा तास होतात ना.’ आणि फोन बघत निघून गेला, पुढची ऑर्डर आली होती. मान वळत नाही म्हणून त्यानं आज गाडी काढायची नाही, असं मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू? तो माझं जेवण आणत होता. त्याचा खिळा किती खोल आहे याची वर्गणी मीही भरायला हवी, पण ती कशी भरतात ते मला अजून माहीत नाही. बॅग गाडीला बांधता येईल असं कॅरिअर कुणी द्यायचं, बारा तासांचे आठ कसे व्हायचे, हे प्रश्न माझ्या रबरी पट्ट्यानं सुटणारे नाहीत. एवढं मात्र कळतं, की त्याला ‘मेहनती पोरगा’ म्हणून मोकळं होणं म्हणजे बाबांना ‘सोशिक’ म्हणण्यासारखंच आहे.

गेल्या रविवारी घरी बाबांना भिंतीसमोर उभं केलं. गोठलेल्या खांद्यासाठी एक साधा व्यायाम असतो : बोटांनी भिंत चढायची, जिथवर हात जाईल तिथवर. त्यांनी आधी टाळलं, मग आईनंच दटावलं, ‘करा हो, मला तरी सुटका.’ ते हसले. बोटं कॅलेंडरच्या खालच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. तिथे मी पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहिली.

‘पुढच्या वेळी याच्या वर जायला पाहिजे का?’ त्यांनी विचारलं.

‘दुखलं तर सांगा आधी,’ मी म्हणालो.

ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, ‘दुखतंय.’